स्टारड्यू व्हॅली पहिल्यांदाच खेळताय? पहिला सीझन झारी बघून खेळा

स्टारड्यू व्हॅली घेतला, तीन-चार दिवस खेळला आणि सोडून दिला, असं सांगणारी बरीच मंडळी मला इथं सांगली-मिरजेत भेटतात. तक्रार सगळ्यांची जवळपास एकच: दिवस पुरत नाही, कॅरेक्टर दमून जातं आणि पैसे काही साठत नाहीत. गेम आवडला नाही म्हणून नाही सोडत कुणी, सुरुवात कशी करायची हे कुणी नीट सांगितलेलं नसतं म्हणून सोडतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण पहिला सीझन एकदा हातात आला की पुढं हा गेम लय भारी उलगडत जातो. म्हणून पहिल्या सकाळपासून सगळं सविस्तर लिहितोय.

ज्यांनी अजून घेतलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं हा गेम केलाय, कोडिंग, चित्रं, म्युझिक, गोष्ट सगळं त्याचंच. साधारण साडेचार वर्षं लागली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पीसीवर आला, मग २०१८ ला आयफोनवर, २०१९ ला अँड्रॉइडवर. एकदाच पैसे भरायचे, नंतर जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्या म्हणून मागं लागत नाही, आणि एकट्यानं खेळायला नेट लागत नाही, त्यामुळं पाटण-जावळीकडं रेंज नसलेल्या गावात बसूनसुद्धा आरामात खेळता येतो. मराठीत मात्र नाही, इंग्रजी वाचावं लागतं, घरात लहान पोरं खेळणार असतील तर पहिले एक-दोन दिवस शेजारी बसा. गोष्ट साधी आहे, आजोबांनी तुमच्या नावावर एक शेत ठेवलंय, तुम्ही शहरातली नोकरी सोडून पेलिकन टाउन नावाच्या गावात येता आणि शेत बघता तर नुसती झाडं, दगड आणि तण.

सुरुवातीला शेताचा प्रकार निवडायला लागतो, तिथं साधं स्टँडर्ड फार्म घ्या. जागा सगळ्यात जास्त आणि पाणी जवळ. बाकीचे प्रकार दुसऱ्यांदा खेळताना बघा.

खरं भांडवल काय आहे

तुमच्याकडं पहिल्या दिवशी ५०० गोल्ड, १५ पार्सनिपच्या बिया आणि पाच अवजारं असतात, कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, विळा आणि झारी. सगळ्यांचं लक्ष त्या ५०० गोल्डवर जातं. पण खाली उजव्या कोपऱ्यात जी उभी पट्टी असते ना, एनर्जीची, ती बघा. सुरुवातीला ती २७० असते. कुदळीचा एक घाव २ एनर्जी, कुऱ्हाडीचा २, टिकावाचा २, एका रोपाला पाणी २, आणि गळ एकदा टाकला की ८. विळ्याला काहीच लागत नाही, तो हवा तेवढा चालवा.

माझी भाची तासगावची, तिनं सुट्टीत गेम सुरू केला तेव्हा मी शेजारी बसून बघत होतो. पहिल्याच सकाळी तिनं सगळं शेत साफ करायला घेतलं, दगड फोड, झाड तोड, ओंडके फोडायला जा, आणि थोड्या वेळानं म्हणते, "मामा, ही आता हळूहळूच चालायला लागली, काय झालं?" पट्टी पार तळाला गेलेली आणि गेममधले अजून सकाळचे साडेदहा पण वाजले नव्हते. एनर्जी शून्य झाली की असंच होतं, चाल मंदावते आणि दुसऱ्या दिवशी उठताना निम्मीच एनर्जी मिळते, म्हणजे आजची हाव उद्याचाही दिवस खाते.

आपल्याकडं जत-आटपाडीला लागण करताना माणूस आधी विहिरीत पाणी किती आहे ते बघतो आणि मगच किती गुंठे लावायचं ते ठरवतो, इथं नेमकं तेच करायचंय. झारी एकदा भरली की ४० रोपांना पुरते. पहिल्या आठवड्यात एका झारीत भागेल एवढंच लावा, त्याच्या पुढं एकही रोप नको. ३५ रोपांना पाणी घालायला ७० एनर्जी जाते, उरलेल्या २०० मध्ये बाकीचा दिवस मजेत निघतो.

वेळेचंही सांगतो. दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला कॅरेक्टर जिथं असेल तिथं पडतं, खऱ्या वेळात हे सगळं साधारण १४ मिनिटांत होतं. २ वाजता घराबाहेरच कोसळलात तर खिशातले पैसेही जातात, जास्तीत जास्त १००० गोल्डपर्यंत. बाराच्या आत झोपा, त्यानंतर झोपलं तर सकाळी एनर्जी पूर्ण भरत नाही. एकट्यानं खेळताना बॅगेचा मेनू उघडला की घड्याळ थांबतं, त्यामुळं काय विकायचं काय ठेवायचं हा विचार मेनू उघडूनच करा. आणि गेम सेव्ह होतो तो झोपल्यावर, दिवस अर्धवट सोडून बंद केलात तर तो दिवस परत खेळावा लागू शकतो.

पहिले पाच दिवस

पहिल्या सकाळी घराच्या दाराजवळ, तळ्याच्या बाजूला थोडीशी जागा साफ करा, १५ पार्सनिप लावा, पाणी घाला. पाण्यापासून लांब लावलं तर रोज झारी भरायला चालण्यात वेळ जातो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. मग ५० लाकूड होईल एवढीच झाडं तोडा आणि त्याची पेटी बनवून दारात ठेवा, कारण बॅगेत सुरुवातीला १२ च खण असतात.

नऊ वाजता गावातलं पिअरचं बियांचं दुकान उघडतं, पाचला बंद. बुधवारी दुकान बंद असतं हे पाठच करून ठेवा, गेमची पहिली तारीख सोमवार असते म्हणजे तिसऱ्याच दिवशी दुकान बंद. ५०० गोल्डचं मी असं करतो: एक फ्लॉवर ८० ला, एक घेवडा ६० ला, एक बटाटा ५० ला, आणि उरलेल्यातनं २० च्या भावानं १५ पार्सनिप. झाले ४९० गोल्ड आणि शेतात एकूण ३३ रोपं, एका झारीत बसतात. फ्लॉवर, घेवडा, बटाटा एकेकच का, तर ते पुढं लागणार आहेत, सांगतो.

पिअरच्या दुकानाबाहेर भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यात सण आणि गावातल्या लोकांचे वाढदिवस दिसतात. रोज सकाळी टीव्ही लावून उद्याचं हवामान बघायची सवयही पहिल्या दिवसापासूनच लावा, ती किती कामाची आहे ते झारीच्या ठिकाणी कळेल.

दुसऱ्या दिवशी विली नावाच्या कोळ्याचं पत्र येतं, पाच वाजायच्या आत समुद्रावर गेलात की तो गळ फुकट देतो. मासे पकडणं सुरुवातीला अवघड जातं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हिरवी पट्टी माशाच्या मागं नुसती पळवू नका, हलकं हलकं टॅप करून माशाच्या आसपास धरून ठेवा. अजिबातच जमत नसेल तर विलीकडं ट्रेनिंग रॉड २५ गोल्डला मिळतो, त्यात पट्टी मोठी असते, मासे साधेच लागतात पण हात बसतो.

तिसऱ्या दिवशी पहिल्या वर्षी पाऊस असतोच. पाणी घालायचं काम नाही, म्हणजे अख्खी एनर्जी मोकळी, दुकान पण बंद. तो दिवस मासेमारीला द्या.

पाचव्या दिवशी पहिले पार्सनिप निघतात. एका पार्सनिपला ३५ गोल्ड मिळतात, पण सगळे विकू नका, चारेक पेटीत टाका. हे १५ काढलेत की शेतीची पहिली लेव्हल येते आणि बुजगावणं बनवायला मिळतं, ५० लाकूड, १ कोळसा आणि २० फायबर (तण कापलं की मिळतं ते) लागतं. कोळसा नसेल तर खाणीत गेल्यावर पहिला मिळेल तो यालाच ठेवा. शेतात १५ पेक्षा जास्त रोपं असली की कावळे येऊ शकतात, त्यामुळं हे लांबणीवर टाकू नका.

प्रत्येक गोष्टीतलं थोडं ठेवा

पाचव्या दिवसापासून पुढं, पाऊस नसताना, सकाळी ८ ते दुपारी १ च्या मध्ये बस स्टॉपच्या बाजूनं गावात शिरा. गावचा मेयर लुईस भेटेल आणि पडकं कम्युनिटी सेंटर दाखवेल. आत एक सोनेरी कागद असतो, तो बघा, दुसऱ्या दिवशी जादूगाराचं पत्र येतं, त्याला भेटून या. मग कळतं की या इमारतीत खोलीखोलीनं वस्तूंच्या याद्या आहेत, त्या भरल्या की बक्षीस मिळतं. वसंतातल्या पिकांच्या यादीत पार्सनिप, घेवडा, फ्लॉवर आणि बटाटा, म्हणून आपण एकेक लावलं. रानात आपोआप उगवणाऱ्या चार गोष्टींची वेगळी यादी आहे: डॅफोडिल, लीक, डँडेलियन आणि वाइल्ड हॉर्सरॅडिश. हे सगळं वाटेत पडलेलं मिळतं, उचलायला एनर्जी लागत नाही.

पँट्री नावाच्या खोलीच्या सगळ्या याद्या भरल्या की ग्रीनहाउस दुरुस्त होतं आणि तिथं कुठलंही पीक कुठल्याही सीझनला येतं, थंडीतसुद्धा. माझ्या मते पहिल्या वर्षाचं सगळ्यात मोठं उद्दिष्ट हेच असावं. म्हणून काहीही नवं हाताला लागलं की त्यातलं एक तरी पेटीत, मगच बाकीचं विक्रीला. आणि जोजामार्ट या गावातल्या मोठ्या कंपनीच्या दुकानाची ५००० गोल्डची मेंबरशिप घेऊ नका, ती घेतली की कम्युनिटी सेंटरचा मार्ग बंद होतो. काही जण मुद्दाम तो रस्ता घेतात, पैसे टाकून सगळं लवकर होतं, पण पहिल्यांदा खेळणाऱ्यानं तसं करू नये असं मला मनापासून वाटतं, गावाची अर्धी गोडी त्यातच आहे.

खाण आणि झारी

खाण पाचव्या दिवशी उघडते. आत गेल्या गेल्या मार्लन एक तलवार देतो. १२० मजले आहेत आणि दर पाच मजल्यांनी लिफ्ट आहे, म्हणजे एकदा गेलात की पाच मजले पूर्ण करूनच वर या, परत तेवढंच खोदायला लागणार नाही. पहिल्या ३९ मजल्यांत तांबं, ४० च्या पुढं लोखंड, ८० च्या पुढं सोनं. टीव्हीवर ज्योतिषवाला चॅनल आहे, नशीब चांगलं दाखवलं की त्या दिवशी खाणीत जा, खालच्या मजल्यावर जायची शिडी लवकर सापडते. सोबत खायला घ्या. आत बेशुद्ध पडलात तर पैसे आणि वस्तू दोन्ही गमावता. खायला काय, तर रानातल्या दक्षिणेच्या कोपऱ्यात कांद्याची पात उगवते, ती चालते, आणि १५ ते १८ तारखेला झुडपं सॅमनबेरीनं लगडतात, ते चार दिवस वाटेतलं प्रत्येक झुडूप हलवून पेटी भरून ठेवा, पुढं कितीतरी दिवस खाणीत पुरतात.

पहिलं कच्चं तांबं मिळालं की दुसऱ्या सकाळी क्लिंट लोहार घरी येऊन भट्टीची कृती देतो. २० कच्चं तांबं आणि २५ दगडांत भट्टी होते, मग ५ कच्चं तांबं आणि १ कोळसा टाकला की एक लगड. पहिल्या पाच लगडी झारीसाठी. क्लिंटकडं २००० गोल्ड आणि ५ लगडी दिल्या की झारी तांब्याची होते, बटण दाबून धरलं की एका दमात तीन रोपांना पाणी.

आता यातली खरी गोम. क्लिंट अवजार दोन दिवस ठेवून घेतो. सोमवारी झारी दिली तर मंगळवारी पाणी कोण घालणार? म्हणून ज्या सकाळी टीव्ही सांगेल की उद्या पाऊस आहे, त्याच दिवशी पाणी घालून दुपारी झारी देऊन या. दुसऱ्या दिवशी पाऊस पाणी घालतो, तिसऱ्या दिवशी नऊला जाऊन झारी घ्या आणि तेव्हाचं पाणी घाला. रोपाचा एक दिवसही वाया जात नाही.

शेतीची दुसरी लेव्हल आली की साधा स्प्रिंकलर बनवता येतो, तांब्याची एक आणि लोखंडाची एक लगड. तो चारच रोपांना पाणी देतो, त्यामुळं त्याच्यावर फार जीव टाकू नका. सहाव्या लेव्हलचा मात्र आठ रोपांना पाणी देतो, लोखंड, सोनं आणि रिफाइंड क्वार्ट्झ एकेक लागतं, तो मिळाला की मग खुशाल लागण वाढवा, कारण आता झारीची मर्यादा राहिली नाही. पैसे आले म्हणून लागण वाढवायची नाही, पाण्याची सोय झाली की वाढवायची.

तारखांचा हिशोब

वर्षात सीझन चार, स्प्रिंग (पहिला, वसंत), समर, फॉल आणि विंटर, प्रत्येक २८ दिवसांचा, आणि सीझन बदलला की जुनी पिकं एका रात्रीत वाळून जातात. बी घेताना किती दिवसांचं पीक आहे ते वाचा आणि आजच्या तारखेत मिळवा, २८ च्या वर गेलं तर घेऊ नका. फ्लॉवर १२ दिवसांचा, म्हणजे १६ तारखेनंतर नाही. बटाटा ६ दिवस, २२ पर्यंत चालतो. पार्सनिप ४ दिवस, २४ पर्यंत. मका मात्र समर आणि फॉल दोन्हीत टिकतो, तो उपटू नका.

१३ तारखेला एग फेस्टिव्हल असतो, आणि नव्या माणसाला पहिल्या सीझनमध्ये पैसे मिळवून देणारी सगळ्यात मोठी गोष्ट तिथं विकायला असते, स्ट्रॉबेरीच्या बिया, १०० गोल्डला एक. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर स्ट्रॉबेरीचे बॉक्स घेऊन आलेल्या आपल्या लोकांना तर हे पीक बघूनच आनंद होतो. ८ दिवसांत पहिला तोडा, मग दर ४ दिवसांनी, प्रत्येक स्ट्रॉबेरीला १२० गोल्ड. १३ लाच लावली तर २१ आणि २५ असे दोन तोडे मिळतात. पण सणावरून परत येता तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, म्हणून सकाळीच रान नांगरल्यासारखं करून, म्हणजे कुदळून आणि पाणी घालून ठेवा, रात्री फक्त बी टाकायचं. अकरा-बारा तारखेला बाकी काही घेऊ नका, पैसे याच्यासाठी राखून ठेवा, आणि थोड्या बिया पुढच्या वर्षीच्या पहिल्या तारखेसाठी पेटीत ठेवल्या तर त्या वर्षी तोडे जास्त मिळतात.

समरच्या पहिल्या तारखेला ब्लूबेरी लावा. बी ८० गोल्ड, १३ दिवसांत पहिला तोडा आणि मग दर ४ दिवसांनी, एका तोड्याला तीन बेरी, बेरीला ५० गोल्ड. १ तारखेला लावलं तर चार तोडे होतात, एका रोपाचे ६०० गोल्ड. त्यासाठी स्प्रिंगच्या शेवटच्या आठवड्यात हात आखडता घेऊन दीड-दोन हजार बाजूला ठेवा. फॉलला हेच काम क्रॅनबेरी करते, बी महाग, २४० ला, पण १ तारखेला लावली तर पाच तोडे, प्रत्येकी दोन बेरी ७५ च्या. सोबत थोडे भोपळे लावा, ते याद्यांना पण लागतात.

घेवडा आणि द्राक्ष ही मांडवावरची पिकं, त्यांच्यातनं चालत जाता येत नाही, दोन ओळींच्या मध्ये वाट सोडा. द्राक्ष फॉलमध्ये लागतं. आणि तासगाव-पलूसच्या मंडळींसाठी खास, १.६ या अपडेटपासून, जी पीसीवर मार्च २०२४ ला आणि मोबाइलवर नोव्हेंबर २०२४ ला आली, गेममध्ये डिहायड्रेटर आहे, त्यात पाच द्राक्षं टाकली की दुसऱ्या दिवशी बेदाणा तयार. कृती पिअरकडं १०,००० गोल्डला मिळते, म्हणजे ते पुढचं काम. त्याच्या आधी, शेतीच्या चौथ्या लेव्हलला प्रिझर्व्ह जार मिळतो, ५० लाकूड, ४० दगड, ८ कोळसा, यात मालाची मूळ किंमत दुप्पट होते आणि वर ५० मिळतात. ५० ची ब्लूबेरी १५० चा जॅम होऊन निघते. समरच्या मध्यापर्यंत दहाएक जार दारात लावून टाका.

जनावरं, माणसं आणि बाकीचं

कोंबड्यांची घाई करू नका. आधी सायलो बांधा, १०० गोल्ड, १०० दगड, १० चिकणमाती आणि ५ तांब्याच्या लगडी, कारण सायलो असेल तरच विळ्यानं कापलेल्या गवताची वैरण साठते, नसेल तर ते गवत फुकट जातं. खुराडं ४००० गोल्ड, शिवाय लाकूड ३०० आणि दगड १००, ते समरमध्ये जमतं. मोठी बॅग मात्र आधी घ्या, २००० गोल्डला खण दुप्पट होतात.

गावातल्या लोकांशी रोज येता-जाता बोला, बोलण्यानं पण मैत्री वाढते. भेटवस्तू एका माणसाला आठवड्यात दोनदाच, आणि वाढदिवसाला दिलेल्या भेटीचा परिणाम आठपट असतो, म्हणून ते कॅलेंडर. गावातल्या अॅबिगेलला अॅमेथिस्ट हा जांभळा खडा फार आवडतो, तो खाणीत मिळतो, पेनीला मेलन. लग्न करायचं असेल तर मैत्रीचे आठ हार्ट झाल्यावर पिअरकडचा बुके द्यायचा आणि दहा झाल्यावर पावसाच्या दिवशी समुद्रावर एक म्हातारा येतो, त्याच्याकडून ५००० ला पेंडंट घ्यायचं. पहिल्या वर्षात झालं नाही तरी काही बिघडत नाही.

विंटरला उघड्या शेतात नेहमीची पिकं येत नाहीत. तेव्हा अवजारं एकामागून एक क्लिंटकडं द्या, पाणी घालायचंच नसतं त्यामुळं झारी तर नक्कीच, खाण १२० पर्यंत पूर्ण करा, आणि याद्यांमधले राहिलेले मासे बघा. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला वारलेले आजोबा आत्म्याच्या रूपात येऊन तुमचं काम बघतात आणि शेताच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या समाधीवर चारपर्यंत मेणबत्त्या लागतात. कमी लागल्या तर तिथं एक हिरा ठेवायचा, ते परत येऊन नव्यानं बघतात.